बाराचा पहारा

श्रावण आला हे मला आता कॅलेंडरवरून कळत नाही, मोबाईलवरून कळतं. आमच्या वाडीच्या ग्रुपवर सुप्रिया, म्हणजे तात्यांची सून, नामसप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी टाकते आणि मग दोन दिवस नुसता गोंधळ चालतो. कुणाला सकाळची वेळ हवी असते, कुणाचा भाऊ मुंबईहून येणार म्हणून शनिवार हवा असतो, कुणी कुणाची वेळ ढापली म्हणून रुसवे निघतात. रत्नागिरीतल्या फ्लॅटमध्ये बसून मी हे सगळं वाचते आणि हसते. यंदाही यादी आली. सगळ्या वेळांपुढे नावं होती. फक्त दुपारी बारा ते दोनच्या पुढे सातही दिवस नुसती रेघ होती. खाली सुप्रियाने लिहिलं होतं, ही वेळ कोण घेणार? त्यावर दिवसभर कुणी काही बोललं नव्हतं.

मी मोबाईल पालथा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर ऊनही होतं आणि पाऊसही. समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर थेंब चमकत होते आणि खाली कुणीतरी वाळत घातलेले कपडे तिसऱ्यांदा आत नेत होतं. त्या रेघेच्या जागी गेली जवळजवळ पन्नास वर्षं एकच नाव असायचं, मध्ये एक वर्ष सोडून. गोदूआते. फाल्गुनात ती गेली. ती गेली तेव्हा मी रडले, दिवसकार्याला गेले, जेवून आले. पण ती नाही हे मला खरं कळलं ते त्या रेघेने.

आमच्या सप्ताहाबद्दल थोडं सांगायला हवं. श्रावणात लावणी उरकलेली असते, माणसं जरा मोकळी असतात, तेव्हा वाडीच्या देवळात सात दिवस अखंड नाम चालतं. एकाच्या गळ्यात वीणा, सोबत्याच्या हातात टाळ, मध्ये समई, आणि समईभोवती फेऱ्या. दोन दोन तासांचे पहारे घरोघर वाटून दिलेले. वीणा सात दिवस जमिनीला टेकायची नाही आणि नाम क्षणभरही थांबायचं नाही. त्यातला सगळ्यांत कडक नियम असा की ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याने नामाखेरीज दुसरा शब्द बोलायचा नाही. घरून कसलाही निरोप आला, कुणी हाक मारली, पायाला इंगळी डसली, तरी तोंडातून रामकृष्ण हरीच निघायला हवं. आमच्या लहानपणी आम्ही पोरं देवळाच्या दाराशी उभी राहून वीणेकऱ्यांना वेड्यावाकड्या तोंडांनी हसवायचो आणि मग गुरवाच्या शिव्या खायचो. गुरवाच्या गळ्यात वीणा नसायची, त्यामुळे त्याला सगळे शब्द मोकळे होते.

बारा ते दोनचा पहारा कुणालाच नको असायचा. त्या वेळी घरोघर पानं वाढलेली असतात. भात वाफाळत असतो, बिरडं शिजलेलं असतं, आणि देवळात मात्र चिटपाखरू नसतं. ऐकायला कुणी नसताना गायचं म्हणजे मोठं कठीण. गोदूआते तीच वेळ मागून घ्यायची. तिचं म्हणणं असं की मी एकटी बाई, माझ्या घरी कोण पान वाढून बसलंय, पोराबाळांच्या माणसांनी गरम जेवावं. ती वाडीचीच मुलगी. मंडणगडाकडे दिलेली, दोन वर्षांत नवरा गेला आणि ती परत माहेरी आली. म्हणून माझ्या आईपासून माझ्यापर्यंत ती सगळ्यांचीच आते. लहान मोठा प्रत्येक जण तिला आतेच म्हणे आणि तीही प्रत्येकाला भाच्याच्या हक्काने दटावायची.

ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलाचं तेल फार वाईट, कातडी जाळतं आणि बोटं काळी करतं. आतेची बोटं पेरांपर्यंत कायमची काळी होती. त्या काळ्या बोटांनी ती पेटी वाजवायची. पेटी तिच्या वडिलांची, नमनाच्या खेळांत वाजवायचे ते. तिची एक पट्टी मुकी झाली होती, दाबली तरी नुसती हवा. दुरुस्त करणारा रत्नागिरीला होता, पण आतेला कधी सवड झाली नाही. त्या पट्टीवर बोट आलं की तो सूर ती गळ्यातून भरून काढायची, आणि इतकी वर्षं हे चाललं होतं की ऐकणाऱ्याला फट कळायचीच नाही. मी गणिताची बाई, मला सुरातलं काही समजत नाही. पण पेटी एका ठिकाणी गप्प होते आणि बाई तिथे गाते, एवढं माझ्याही लक्षात यायचं.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी ती राख आणि खोबरेल तेल घेऊन पडवीत बसायची आणि बोटं घासघासून घासायची. काळं जायचं नाहीच. एकदा मी आगाऊपणाने विचारलं की देवाला असले काळे हात चालतात का. आते घासता घासता म्हणाली, "त्याचा रंग बघितलायस काय गो कधी?" आमच्या देवळातली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे.

मी देवभोळी नाही, हे आधीच सांगून टाकते. आतेचा देव मला कधी पटला नाही, पण आते पटली. वाडीत कुणी बाळंत झालं, कुणाला ताप आला, कुणाच्या म्हाताऱ्याने अंथरूण धरलं, की कारखान्यातून परस्पर ती तिथे. हातात कसलंतरी झाकलेलं भांडं आणि तोंडात गुणगुण. आजाऱ्याचं अंग पुसताना, उशीचा अभ्रा बदलताना ती गुणगुणत असायची. उपदेश मात्र कुणाला करायची नाही. देवावर भरवसा ठेव, असं तिने कुणालाही सांगितल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, देवावर तिचा इतका भरवसा होता की तो दुसऱ्याला ठेवायला सांगायची तिला गरजच पडली नाही.

आता मला आठवतोय तो एकच श्रावण. मी बारावीत होते. त्या वर्षी ज्येष्ठात माझे वडील मुंबईत वारले. एका कंपनीत फिटर होते, कामावरच छातीत दुखलं आणि संपलं. त्यांना गावी आणलं तेव्हा आई रडली नाही. तेराव्यानंतरही रडली नाही. ती मागल्या दारी पायरीवर बसायची आणि समोरच्या फणसाकडे बघत राहायची. विचारलं तर होय किंवा नाही, त्यापुढे शब्द नाही. पानात वाढलेलं तसंच राहायचं. देवघरातला दिवा लावायचं तिने बंद केलं. एकदाच तेवढं बोलली, माझ्या घरचा देव बंद म्हणून. शहरातल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि मनाचं आहे म्हणाले. तिचे हात इतके बारीक झाले की बांगड्या उतरवायचं राहिलं असतं तरी आपोआप गळल्या असत्या. मी पहाटे उठून आधी तिचा श्वास चालतोय का ते बघायचे. बाबा गेलेच होते, आता आईही जाणार, अशी माझी खात्री होत चालली होती, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

हीच माझी आई त्याआधी बारा वर्षं आतेबरोबर बाराच्या पहाऱ्याला टाळ घेऊन उभी राहिली होती. आम्हां मुलांना साडेअकरालाच जेवू घालून ती देवळात जायची. वाडीत आतेनंतर गळा आईचाच. आतेचा आवाज जाड, आईचा बारीक, आणि दोघींचा मिळून जो काही व्हायचा तो ऐकत गुरव पायरीवर सुखाने पेंगायचा. त्या वर्षी सप्ताह जवळ आला तशी आते घरी येऊन गेली. आईला ये म्हणून म्हणाली नाही. अळूचं फदफदं ठेवलं, आईच्या केसांना तेल लावून दिलं आणि जाताना मला म्हणाली, "टाळ तू धर यंदा. बेसूर असलीस तरी चालंल, बाय माझे. ताल चुकू नको."

पहिले दोन दिवस मी टाळ कुटला. राग येत होता. देवाचा, बाबांचा, सगळ्यांचाच. घरी आई उपाशी बसलीय आणि मी इथे समईभोवती फिरतेय. आतेला हे दिसत असणार, कारण ती फेरी मारताना माझ्याकडे बघत राहायची. पण बोलणार कशी? गळ्यात वीणा होती.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता सकाळचे पहारेकरी वीणा देऊन जेवायला गेले. पाऊस चांगलाच लागला होता. अर्धा पाऊण तास गेला असेल. गुरव पायरीवर भिंतीला टेकून झोपलेला. आते समईला एक फेरी घालून झाल्यावर वळायच्या ठिकाणी वळली नाही, सरळ दाराकडे गेली. नाम चालूच होतं. दारात थांबून तिने कोपऱ्यातल्या गुरवाच्या छत्रीकडे डोळ्यांनी खूण केली. मला वाटलं, हिला परसाकडे जायचंय. मी छत्री उघडली. ती पायऱ्या उतरली आणि पाखाडीने, म्हणजे आमच्याकडच्या त्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली चालू लागली.

वीणा देवळाबाहेर कधीच जात नाही. काल्याच्या दिवशी तेवढी दिंडीत निघते, तीही सगळ्या वाडीसकट. मी घाबरून तिच्या मागे पळाले. छत्री वीणेवर धरली, कारण वीणा भिजली तर माझी धडगत नव्हती. आम्ही दोघी मात्र निथळत होतो. चिऱ्यांच्या गडग्यावर तेरडा माजला होता, घराघरांतून फोडणीचे वास येत होते, जेवणाऱ्या माणसांचे आवाज येत होते, आणि त्यांच्या दारांवरून आते नाम घेत चालली होती. पावसाच्या आवाजात कुणाला ते ऐकू गेलं नाही. मी टाळ वाजवू शकत नव्हते, हात छत्रीत अडकलेले. मी नुसतं पुटपुटत होते. आमच्या घरापाशी वळलो तेव्हा मला कळलं.

ती घराला वळसा घालून मागल्या दारी गेली. आई पायरीवर बसली होती. आते तिच्यापुढे वाशाखाली उभी राहिली, पायांखाली पागोळ्यांचं पाणी, आणि नाम घेत राहिली. एवढंच. ऊठ म्हणाली नाही, रड म्हणाली नाही, झालं गेलं विसर म्हणाली नाही. म्हणूच शकत नव्हती. तिच्या तोंडाला तेवढा एकच शब्द मोकळा होता. आई तिच्याकडे बघेना. फणसाकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटत होतं आता या दोघींपैकी एक जण काहीतरी करणार, आणि दोघीही काही करत नव्हत्या.

मग आतेला खोकला आला. आधी एक ठसका, त्यातून तिने शब्द कसाबसा ओढला. मग दुसरा. मग उबळच लागली. नाम तुटायला आलं. मी उचलायला हवं होतं, पण भीतीने माझं नुसतं तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. आते वाकली, एक हात वीणेवर आणि एक छातीवर. तिने मान वर करून आईकडे बघितलं. आणि आईने नाम उचललं. दोन महिने न वापरलेला आवाज, गंजलेल्या बिजागरीचा येतो तसा. पण शब्द पुरा होता. आते खोकत होती तोवर आईने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि चौथ्याला तिला हुंदका फुटला. रडत रडत तिने ते चालू ठेवलं. मग आतेचा जाड आवाज खालून येऊन मिळाला. आई पायरीवरून उठली.

परतताना आम्ही तिघी होतो. आईचे केस सुटलेले, अंगात घरातलं जुनेर, आणि डोळ्यांना धार लागलेली. वाटेत तात्या भेटले. ते वाडीचे मानकरी, देवळाचं सगळं त्यांच्याकडे. जेवून देवळात गेले तर आत नुसती समई, वीणा नाही, आवाज नाही. संतापाने लाल होऊन ते पाखाडी उतरत आले होते. त्यांनी आतेला विचारलं, हे काय चालवलंय. आते म्हणाली, रामकृष्ण हरी. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. वीणा गळ्यात असलेल्या बाईशी भांडता येत नाही, हे तात्यांना तेव्हा कळलं असावं. ते आईकडे बघून थबकले आणि मग काही न बोलता आमच्या मागून चालू लागले.

पण दोन वाजता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यावर ते बोलले, आणि बरंच बोलले. देऊळ अर्धा तास मुकं पडलं, आजोबांच्या काळापासून असं झालं नव्हतं. कुणी आतेची बाजू घेतली की नाम तर तुटलं नाही ना. आतेने स्वतःची बाजू घेतली नाही. चुकलं म्हणाली, गुरवाला उठवून बसवायला हवं होतं. तिचा पहारा काढून घेतला गेला, उरलेल्या दिवसांचा आणि पुढच्या वर्षाचाही. त्या वर्षीचे पुढचे चार दिवस ती देवळामागे बसून प्रसादाचे भोपळे चिरत होती, आणि तिच्या शेजारी बसून आई नारळ खवत होती. खवता खवता आईने एक कातळी तोंडात टाकली. मी ते लांबून बघितलं. आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींत ती खोबऱ्याची कातळी पहिली आहे.

शिक्षेचं वर्ष संपलं तेव्हा बाराची वेळ घ्यायला दुसरं कुणी पुढे आलंच नाही. तात्या स्वतः आतेच्या दारात गेले आणि भूक लागते गो सगळ्यांना, असं काहीसं पुटपुटले. त्यांनीच तिच्या गळ्यात वीणा घातली. त्यानंतर पुन्हा आते आणि आई, पुढची कितीतरी वर्षं, आईचे गुडघे जाईपर्यंत.

माझं पुढचं सगळं त्या दुपारीच ठरलं असं मला वाटतं. आई उठली, म्हणून मी बारावीला बसले. शिकले, बाई झाले, तीस वर्षं खडू झिजवला आणि घसा घालवून बसले. आजही आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माझ्याच घरात, आणि आता तिला गप्प बसवणं कठीण. हे सगळं आतेचं देणं आहे. ते तिला तोंडावर सांगायचं राहून गेलं. माघात ती दवाखान्यात होती तेव्हा जवळ बसून मी निराळंच विचारलं. आते, तेव्हाचा तो खोकला खरा होता काय? तिने डोळे मिटून घेतले. आठवत नाही म्हणाली. मग ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि तिने पाणी मागितलं. तिच्या पांढऱ्या चादरीवर ती काळी बोटं मी कितीतरी वेळ धरून बसले होते.

यादी आली त्या संध्याकाळी मी सुप्रियाला कळवलं की बारा ते दोन माझं नाव घाल, सातही दिवस, मी शाळेत रजा टाकते. तिने लगेच हात जोडलेली चार चित्रं पाठवली. मग मला धडकी भरली. मी बेसूर, त्यात घशाची ही दशा. आणि मुळात माझा देवावर विश्वास किती, हा प्रश्न होताच. पण वाडीतली माणसं गरम जेवतील, एवढ्यावर माझा पुरता विश्वास आहे.

आई टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी समोर बसले, तिच्या ताटलीतले चार वाल उचलले आणि सांगून टाकलं. तिने मान हलवली. माझा घोळ काही संपेना, म्हणून मी खोकल्याचं विचारलं. इतकी वर्षं हा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नव्हता.

आई सोलता सोलता म्हणाली, "खोटा. काजूच्या धुरात जन्म काढला तिनं, तिथं कधी खोकली नाय. माझ्या दारात येऊन खोकला यायला काय झालं?"

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्या ठसक्याला."

"मग नाम उचललंस कशाला?"

आईने हातातला वाल ठेवला. "तिनं माझ्याकडं बघितलं ना, तेव्हा कळलं मला. मी उचललं नसतं तर ती खरंच थांबणार होती गो. सगळा जन्म जे धरून बसली होती, ते माझ्यापायी सोडून देणार होती. तेवढं नाय बघवलं मला."

बाहेर पुन्हा सर आली होती. आईने सालं गोळा करून कागदात बांधली आणि गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उठली.

"सोमवारी मला पण ने," ती म्हणाली. "खुर्ची टाकून बसंन कोपऱ्यात."

"दोन तास? तुझे गुडघे बघ आधी."

"गुडघ्यांनी गायचं नाय मला. आणि तिची गोष्ट वेगळी होती. तुझा खोकला खराच असतो."